येसबा कासाराचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरवंडाला तेव्हा वेस होती आणि वेशीला दारं होती, इतक्या पूर्वीची. नेमकं साल विचारू नका. जे छातीठोकपणे साल सांगतात ते थापा मारतात, एवढं मात्र नक्की.

त्या काळी घाटावरच्या एका संस्थानात एक चोर होता. भिंत फोडणं, कुलूप तोडणं, कुणाला धाक दाखवणं, असली कामं त्याला कमीपणाची वाटत. तो फक्त अंगावरचे दागिने काढायचा, आणि तेही माणूस झोपलेलं असताना. त्याने नथ काढली तरी नाकाला शिंक येत नसे, साखळ्या काढल्या तरी पाय हलत नसे. एकदा म्हणे त्याने एका सावकारिणीच्या कानातली कुडी काढली, उजेडात पाहिली तर ती खोटी निघाली, तेव्हा पठ्ठ्याने ती परत तिच्या कानात घातली आणि मग निघून गेला. असं म्हणतात. खरं-खोटं ती सावकारीणच जाणे.

त्याची सगळ्यांत मोठी चोरी म्हणजे राणीसाहेबांच्या हातातली पाचूची कंकणं. सणाचा दिवस होता. पुरणपोळीचं जेवण झालं होतं आणि अख्खा राजवाडा पहारेकऱ्यांसकट पेंगत होता. हा फुलांची करंडी डोक्यावर घेऊन माळ्यांच्या घोळक्यातून आत शिरला. राणीसाहेब पलंगावर आडव्या झाल्या होत्या. उशाशी पंखा घालणारी एक तरुण दासी बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. त्याने राणीसाहेबांचा हात हातात घेतला, तळव्याची गादी दोन बोटांनी अशी हळूहळू मऊ केली, की अंगठा आपोआप आत वळला आणि कंकण पाण्यातून काढावं तसं निघून आलं. मग दुसरं. राणीसाहेबांचा श्वाससुद्धा बदलला नाही. त्या दासीकडे त्याने एकदाही धड पाहिलं नाही. पुढे त्याला त्याच गोष्टीने छळलं, पण ते नंतर.

संस्थानभर शिपाई सुटले. हा रानावनातून चार दिवस चालत घाट उतरला आणि मंगळवारच्या बाजारात बोरवंडाला पोचला. पोटात अन्न नव्हतं. वेशीजवळ चिमाआक्का कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं, त्याच्या ओट्याच्या सावलीला तो टेकला.

चिमाआक्का म्हातारी होती, विधवा होती, मागेपुढे कोणी नव्हतं. जन्मभर तिने गावाचे हात भरले, पण आता डोळ्यांत पडदा आला होता आणि बोटं थरथरू लागली होती. त्या दिवशी ती एका लहान मुलीला बांगड्या भरत होती आणि मुलगी गाव गोळा होईल असं रडत होती. दोन बांगड्या फुटल्या, तिसरी अडकून बसली. सावलीत बसलेल्या चोराला ते बघवेना. त्याला दया आली असं कुणी म्हणेल, पण खरं सांगायचं तर कसबी माणसाला कच्चं काम बघून जो राग येतो तो त्याला आला. तो उठला, मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि बोलता बोलता चार बांगड्या मनगटात नेऊन बसवल्या. मुलगी त्यानंतरही थोडा वेळ रडली, केवळ सुरू केलं होतं म्हणून.

गर्दी ओसरल्यावर चिमाआक्काने आपला रिकामा हात त्याच्यापुढे केला आणि म्हणाली, दाब बघू. त्याने दाबला. म्हातारीने त्याची बोटं एकेक करून चाचपून पाहिली. मग तिने जेवलास का म्हणून विचारलं, आणि नाव विचारलं. तोंडाला आलं ते नाव त्याने सांगितलं, येसबा. खरं नाव काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

चार दिवस राहायचं, गवगवा शमला की पुढे सटकायचं, असा त्याचा बेत होता. कंकणं लपवायला त्याने मोठी नामी जागा काढली. आक्काच्या शेगडीवर लाख तापवून त्याने दोन्ही कंकणांवर तिचा जाड थर दिला, वर थोडा लाल हिंगूळ चोपडला, आणि दुकानातल्या लाखेच्या बांगड्यांच्या जुडीत ती खुंटीला टांगून ठेवली. गावातल्या निम्म्या बायकांनी ती हाताळून नापसंत केली. फार जड आहेत म्हणायच्या.

चार दिवस झाले तेव्हा आक्काला ताप आला. ताप उतरला तेव्हा छपराचं काम निघालं. मग लगीनसराई आली आणि आक्का एकटी काय काय करणार, म्हणून तो राहिला. असं करता करता सात वर्षं गेली.

सुरुवातीला त्याच्या बोटांची खोड जायला तयार नव्हती. पहिल्याच महिन्यात त्याने पाटलीणबाईंच्या हातात डझनभर काच चढवली आणि पाहतो तो त्यांचा सोन्याचा बिलवर आपल्या मुठीत. कधी काढला ते त्यालाही कळलं नाही. बिचारा घामाघूम झाला. हात नीट बसला नाही, परत दाबू दे, असं म्हणून त्याने तो बिलवर पुन्हा चढवला. पाटलीणबाई गावभर सांगत सुटल्या, की हा कासार किती मन लावून काम करतो पाहा.

मन लावून तर तो करतच होता. असं म्हणतात, की येसबाने भरलेली बांगडी दळताना, कांडताना, नदीच्या दगडावर धुणं आपटतानासुद्धा फुटत नसे. तान्ह्या पोरीला झोपेत बिंदल्या घालाव्यात त्या यानेच. लोहाराच्या घरी एक मुलगी होती, लहानपणी तिचा हात भाजून बोटं आखडून गेली होती. तिचं लग्न ठरलं आणि चुडा कसा भरायचा म्हणून घरात रडारड झाली. येसबा तीन दिवस रोज सकाळी जाऊन तो हात घेऊन बसला. काही बोलायचा नाही, नुसता तेल लावून दाबायचा. चौथ्या दिवशी चुडा चढला, आणि असं म्हणतात की त्यानंतर ती मुलगी त्या हाताने भाकरी थापू लागली. पंचक्रोशीतून बाया येऊ लागल्या. कुणी म्हणायचं त्याच्या हाताला देवीचं वरदान आहे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

असं सगळं चाललं होतं, आणि एका बाजाराच्या दिवशी तुळसा आली.

तुळसा कामाच्या शोधात गावोगाव फिरणारी बाई होती. सुगीत कुणाच्या खळ्यावर राबायची, एरवी कुणाची दळणं दळून द्यायची. कपाळाला कुंकू होतं, म्हणजे नवरा जिवंत, आणि दोन्ही हात मात्र उघडे बोडके. बायकांत कुजबुज सुरू झाली. चिमाआक्काला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कुजबुज ऐकू येत होती. तिने तुळसाला ओट्यावर बोलावलं, पाणी दिलं आणि हात पुढे कर म्हणाली, येसबा भरेल, काही देऊ नकोस.

तुळसाने हात पदराखाली घेतले. मग आक्काने जरा गोडीने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. येसबा मागे बसून बांगड्या ओवत होता.

ती राजवाड्यात राणीसाहेबांना पंखा घालायची. एका सणाच्या दुपारी तिला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा राणीसाहेबांच्या हातातली कंकणं गेलेली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिची झडती झाली, घराची झडती झाली, काही सापडलं नाही, म्हणून तुरुंगात न घालता नुसतं हाकलून दिलं. पण चोर हा शब्द तिच्या आधी सासरी जाऊन पोचला. सासऱ्याने दार लावून घेतलं, नवराही आतच राहिला. दोन वर्षांची मुलगी आत रडत होती. तुळसाने त्या उंबऱ्यावर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या आणि शपथ घेतली, की खरा चोर सापडेल तेव्हाच या हातांत काच चढेल. मुलगी आता नऊ वर्षांची झाली होती. तिला पाहायला कुणी आलं, की शेजारीपाजारी सांगत, चोरणीची पोर आहे. आलेली माणसं पाणीसुद्धा न पिता उठून जात.

सांगून झाल्यावर तुळसा दळणाला निघून गेली. मागे येसबाच्या हातातला दोरा तसाच राहिला होता.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडाची चव गेली. सात वर्षं त्याला वाटत होतं, की राणीला कंकणांची काय कमी, दुसरी घडवली असतील. उशाशी बसलेल्या बाईचं काय झालं असेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता तो डोळे मिटी आणि ती पेंगणारी मान दिसे. आधी त्याने विचार केला, की कंकणं गुपचूप राजवाड्याच्या दारात ठेवून यावीत. पण मग लोक म्हणणार, तुळसाच घाबरली आणि तिनेच आणून टाकली. माल परत जाऊन उपयोग नव्हता. चोर उभा राहायला हवा होता.

आणि चोर उभा राहिला, की येसबा संपला. हा ओटा, ही माणसं, त्याने हात भरलेल्या या मुली, आणि आता पुरती आंधळी झालेली म्हातारी, हे सगळं गेलं. त्याला जन्मात पहिल्यांदा काहीतरी आपलं मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आक्काला सगळं सांगितलं. आक्का शेगडी फुंकत होती, ती फुंकतच राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पयल्या दिशी माझा हात दाबलास, तवाच कळलं. बांगडी चढवायला शिकल्याला हात बोटांकडनं दाबतो. तू मनगटाकडनं दाबलास. काढायला शिकल्याला हात हुता त्यो."

"मग ठिवून का घेतलंस?"

"चोराचा हुता, पर दुखवत नव्हता."

येसबा खाली मान घालून बसला. आक्काने चाचपडत त्याचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, की तू जाऊ नयेस असं मला फार वाटतंय, पण मी तुला थांब म्हणणार नाही. एवढं बोलून ती रडू लागली. तोही रडला. मग त्याने खुंटीवरची जुडी काढली.

तुळसाला त्याने जात्यापाशीच गाठलं. लाखेचा एक टवका काढून पाचू दाखवला आणि सांगितलं, की तो चोर मी, माझ्यासोबत राजवाड्यावर चला. तुळसा त्याच्याकडे पाहत राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. खुंटा हातात तसाच धरून ती एवढंच म्हणाली, "सात वर्सं माझ्या पोरीनं मला आई म्हून हाक मारली न्हाई. ती सात वर्सं तू कुटनं आणून देशील?"

येसबाने कंकणं उपरण्यात बांधली. ती उठली. घाट चढायला चार दिवस लागले आणि चारही दिवस ती पुढे, तो मागे. असं म्हणतात, की वाटेत तिच्या पायात काटा मोडला तेव्हा त्याने तो काढला, आणि काढल्याचं तिला पुढच्या वळणावर कळलं.

राजवाड्यात वेगळाच प्रकार झाला. कंकणं पाहून कारभारी हसले. म्हणाले, हिनेच सात वर्षं दडवून ठेवली आणि आता लेकीचं लग्न अडलं तेव्हा हा भोळा बांगडीवाला पढवून आणलाय. राणीसाहेबांचाही विश्वास बसेना. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "माझी झोप सावध. परका हात लागता, तर मी जागी झाले असते. तो रोजच्या ओळखीचाच हात होता."

तुळसाने हे ऐकलं आणि ती दाराकडे वळली.

येसबा पुढे झाला. म्हणाला, सरकार, मग जागेपणी पाहावं. राणीसाहेबांना गंमत वाटली, की राग आला, कोण जाणे. त्यांनी पाचूची कंकणं हातात घातली, त्यांच्यापुढे, मुठीच्या बाजूला, काचेच्या सहा सहा हिरव्या बांगड्या घातल्या, म्हणजे काच उतरल्याशिवाय कंकण निघायला नको, आणि दोन्ही हात पडद्याबाहेर काढले. अट अशी, की कंकण निघताना कळलं, तर तुळसा आणि हा, दोघांनाही जन्मठेप.

येसबाने हात हातात घेतला. भोवती दासी, कारभारी, शिपाई, सगळे डोळे फाडून बघत होते. तो हात दाबत दाबत बोरवंडच्या गोष्टी सांगू लागला, लोहाराच्या मुलीची, पाटलीणबाईंच्या बिलवराची, आपल्या आंधळ्या म्हातारीची. राणीसाहेब ऐकत होत्या. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "पुरे झाल्या गोष्टी. आता सुरू कर."

"झालं, सरकार," येसबा म्हणाला.

राणीसाहेबांनी हात आत घेऊन पाहिले. काचेच्या सहा आणि सहा बांगड्या जिथल्या तिथे होत्या. पाचूची कंकणं बाहेर तबकात होती. बघणाऱ्यांपैकी एकालाही ती कधी निघाली ते सांगता आलं नाही. असं म्हणतात, की सगळा महाल इतका शांत झाला, की पडद्याआड राणीसाहेब रडल्या ते बाहेर ऐकू आलं. पडदा सारून त्या स्वतः तुळसापाशी आल्या आणि म्हणाल्या, ही कंकणं तू घे. तुळसाने ती घेतली नाही. ती म्हणाली, माझ्या सासरच्या गावी दवंडी पिटवा, बाकी मला काही नको.

दवंडीवाला निघाला. शिपायांनी येसबाच्या कमरेला दोर बांधला. त्याला घेऊन जाणार, तेवढ्यात तुळसा वाटेत येऊन बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"भर," ती म्हणाली.

तो म्हणाला, माझ्या हातून नको, दुसऱ्या कुणालाही बोलवा. ती हटेना. मग राणीसाहेबांनी हिरव्या बांगड्या आणवल्या. येसबा समोर बसला आणि त्याने तो हात घेतला, सात वर्षं जात्यावर घट्टे पडलेला. आणि काय झालं असेल? ज्याच्या हातून सात वर्षांत एक बांगडी फुटली नव्हती, त्याचे हात थरथरू लागले. दुसरीच बांगडी काडकन वाढली आणि तुळसाच्या मनगटातून रक्त आलं. तो थांबला. तिने हात मागे घेतला नाही. मग त्याने उरलेल्या सगळ्या भरल्या, एक एक करून, सावकाश.

बांगड्या भरून झाल्या, की बाईने कासाराला नमस्कार करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तुळसाने नमस्कार केला नाही. येसबानेच दोर बांधलेल्या कमरेतून वाकून तिच्यापुढे डोकं टेकलं आणि विचारलं, "दुखलं का, बाई?"

तुळसा बोलेना. तोही डोकं वर करेना. शिपाई चुळबुळले, पण राणीसाहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. मग तुळसा म्हणाली, "दुखलं."

आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पर ऊठ आता."

तेव्हा तो उठला.

येसबाचं पुढे काय झालं ते नीटसं कुणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतात तो संस्थानच्या तुरुंगातच गेला. कोणी म्हणतात राणीसाहेबांनी त्याला सोडलं आणि तो दूर कुठल्यातरी गावी हात भरत राहिला. बोरवंडाला तो परत आला नाही, एवढं खरं.

तुळसा मात्र आली. दवंडीनंतर सासरहून मुलीला घेतलं आणि तिला हाताशी धरून, घाट उतरून आली आणि चिमाआक्कापुढे बसली. काही सांगणार तेवढ्यात आक्काने तिचा हात ओढून घेतला आणि बांगड्यांवरून बोटं फिरवली. म्हणाली, ह्या माझ्या येसबानं भरल्यात. मग मनगटावरच्या खपलीला तिची बोटं लागली.

"एक वाढली?" तिने विचारलं.

"व्हय, आक्का. हात कापत हुता त्यांचा."

"बरं झालं," आक्का म्हणाली, आणि तिने त्या खपलीवर तेलाचं बोट लावलं. आक्काच्या शेवटच्या दिवसांत तुळसाने तिचं सगळं केलं, आणि पुढे बांगड्यांचं ते दुकान तिच्या मुलीने चालवलं.

या गोष्टीला आता किती पिढ्या झाल्या. वेस पडली, बाजार हमरस्त्याला गेला. पण बोरवंडात आजही बांगड्या भरून झाल्यावर बाई कासाराला नमस्कार करत नाही. कासारच बाईपुढे मान वाकवतो आणि विचारतो, "दुखलं का, बाई?" बाईने खरं ते सांगायचं, आणि ती ऊठ म्हणेपर्यंत त्याने मान वर करायची नाही. लहान मुली तर मुद्दाम गप्प बसतात, हसतात, म्हाताऱ्या कासाराची मान अवघडेपर्यंत त्याला वाट पाहायला लावतात.

आणि कधी कधी सासरहून आलेली एखादी लेक हात भरून घेते. बांगड्या नीट चढलेल्या असतात, कुठे ओरखडासुद्धा नसतो. कासार मान वाकवून विचारतो, आणि ती दुखलं म्हणते आणि रडू लागते. मग कासार काही विचारत नाही. तिचं रडून होईपर्यंत तो तसाच वाकून बसतो, आणि मागे रांगेत उभी असलेली कुणीही बाई घाई करत नाही.